डाव्या हाताचा खटका

कल्लप्पा आमच्या गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता आणि लोखंड आवळून धरायचा माझा व्हाइस त्याच्या व्हाइसला लागून. बोलण्याच्या बाबतीत हा गडी इतका कंजूष, की त्याला वेळ विचारली तर तो भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवायचा. पण हातात कानस आली की त्याचा चेहरा खुलायचा. सुट्टीच्या दिवशीही घराच्या ओट्यावर काहीतरी घासत बसलेला असे. शेजारणींच्या विळ्या, शिंप्यांच्या कात्र्या, आणि पुढं पुढं एका दवाखान्यातली ऑपरेशनची हत्यारंही त्याच्याकडं यायला लागली.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. कल्लप्पाची बायको गौरम्मा अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, हसरी आणि जरा वेंधळी. वेंधळी म्हणजे काय, तिच्या भाकरीला कधी गोल आकार यायचा नाही आणि वाढताना आमटी ताटाबाहेर ठरलेली. कल्लप्पा एरवी बोलत नसे, पण तिची यावरून थट्टा मात्र करायचा. तीही हसायची.

दुसऱ्या बाळंतपणापासून तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर यायचं. बरीच वर्षं तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. मग घागर उचलताना मटकन खाली बसायला लागली, तेव्हा कल्लप्पाला कळलं. त्यानं दवाखान्याचं नाव काढलं, की ती एकच सांगायची: पुरुष डॉक्टरपुढं जाणार नाही, मेले तरी चालेल. आणि ती बोलल्याप्रमाणं वागणारी बाई होती. तिचं दुखणं वाढत चाललं होतं.

तेवढ्यात कल्लप्पाकडं हत्यारं पाठवणाऱ्या त्या दवाखान्यात दाक्षायणी नावाच्या तरुण डॉक्टरीण बाई आल्या. त्यांनी गौरम्माला तपासलं, ऑपरेशनशिवाय इलाज नाही म्हणाल्या, आणि कल्लप्पाला बाहेर बोलावून आपली अडचण उघड सांगितली. बाई डावखुऱ्या होत्या. वरवरचे टाके त्या उजव्या हातानं घालत, पण इथं टाके खोल, अरुंद जागी घालायचे होते आणि तिथं त्यांचा भरवसा डाव्या हातावर. दवाखान्यातला सुई धरायचा चिमटा मात्र उजव्या हातासाठी केलेला.

हा चिमटा दिसायला कात्रीसारखा. बोटं घालायच्या कड्यांजवळ दोन्ही बाजूंना बारीक दाते असतात. मूठ आवळली की दाते एकमेकांत अडकतात आणि सुई पक्की धरली जाते. सोडताना अंगठ्यानं एक कडी जराशी बाहेर ढकलायची, की खटका सुटतो. उजव्या हाताचा अंगठा आपसूक तसा ढकलतो. डाव्या हातात तोच चिमटा घेतला, तर अंगठ्याच्या जोरानं दाते सुटायच्या ऐवजी आणखी रुततात. मग हिसका द्यावा लागतो, आणि हिसक्यानं नाजूक जागा फाटते. मुंबईहून डाव्या हाताचा चिमटा मागवला तर कधी येईल सांगता येत नव्हतं. तो नसला तर मोठ्या डॉक्टरांनाच ऑपरेशन करावं लागेल, असं बाई म्हणाल्या. मोठे डॉक्टर पुरुष होते. म्हणजे गौरम्मा उठून घरी जाणार हे कल्लप्पाला ठाऊक होतं.

त्यानं दवाखान्यातला एक टाकून दिलेला चिमटा घेतला, दात्यांच्या पट्ट्या कापून काढल्या आणि उलट्या बाजूनं वितळल्या धातूचा डाक देऊन बसवल्या. काम असं सुबक, की मी हातात घेऊन नुसता बघत राहिलो. पण डॉक्टरीण बाईंनी तो वापरून बघितला आणि मान हलवली. खटका योग्य दिशेला सुटत होता, तरी सुटताना उडून हिसका बसत होता. त्यांनी विचारलं, हा कोणत्या हातानं करून बघितला? कल्लप्पानं उजवा हात पुढं केला.

त्याचं असं होतं. रोज सकाळी आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं भस्म-फूल वाहायचं, ही त्याच्या लिंगायत घरची रीत. डावा हात लिंगाचा म्हणून तो लहानपणापासून जपत आला होता. कामात कानशीचं टोक धरण्यापलीकडं त्या हाताला त्यानं काही शिकवलंच नव्हतं. त्यामुळं डाव्या हाताचा चिमटा त्यानं उजवा हात उलटा करून तपासला होता, तोही फिटरच्या दणकट अंगठ्यानं. दाक्षायणीबाई त्याच समाजातल्या. त्या हसल्या, पण हिणवून नाही. शिवणटिपण करणारं एखादं डावखुरं माणूस गाठा आणि त्याच्या हातानं खटका जुळवा, एवढं म्हणाल्या.

असं माणूस आणायचं कुठून? खात्यातला शिवशरण डाव्या हातानं विटी-दांडू खेळायचा, म्हणून मी त्याला पुढं केला. त्यानं पहिल्यांदा स्वतःच्याच बोटात सुई घुसवली आणि मग आम्हाला शिव्या दिल्या.

पुढचं मला कल्लप्पानं नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं. रविवारची दुपार होती. तो ओट्यावर चिमटा पुढ्यात ठेवून डोकं धरून बसला होता. गौरम्मा आतून आली, शेजारी बसली आणि हात पुढं करून म्हणाली, "आणा हिकडं."

तिनं चिमटा डाव्या हातात घेतला. डॉक्टरीण बाईंनी दिलेली वाकडी सुई अशी धरली, की जन्मभर तेच करत आली असावी. मग आत जाऊन एक वांगं आणि धान्य मोजायचं शेराचं माप घेऊन आली. वांग्याची फोड मापाच्या तळाशी ठेवली आणि त्या अरुंद जागेत हात घालून सालीला टाका घातला. खटका सुटताना साल टरकन फाटली.

"आतल्या अंगानं घासा की जरा," ती म्हणाली. "अंगठा हितं अडतोय."

कल्लप्पानं उचललेली कानस खाली ठेवली. त्यानं विचारलं, "तू डावखुरी हायस? कवापास्नं?"

"जलमापास्नं."

"आन् मला बोलली न्हाईस?"

"माहेरी अव्वा म्हनायची, डावा तळहात लिंगाचा. त्या हातानं चूल-पोतेरं करायचं न्हाय. सासरी कळलं तर नावं ठेवतील." तिनं फाटलेली साल काढून टाकली. "तुमी कामावर गेल्यावर गोधडी शिवते की ह्याच हातानं. लिंग तळहातावर बसतंय, सुई बोटात ऱ्हाती. देवाला एवढं कळत नसंल व्हय?"

तेव्हा त्याला त्या वाकड्या भाकऱ्या आठवल्या आणि सांडलेली आमटी. बाई सारा संसार परक्या हातानं करत होती आणि आपण दात काढत होतो. हे सांगताना तो माझ्याकडं न बघता व्हाइस आवळत होता. मीही त्याच्याकडं बघितलं नाही, कानस घासत राहिलो.

संध्याकाळपर्यंत घरात वांगं उरलं नाही. ती सांगायची, तो घासायचा, ती पुन्हा टाका घालायची. किती आवळला की सुई हलत नाही आणि किती हलक्या हातानं खटका सुटला पाहिजे, हे सगळं तिच्या अंगठ्यानं ठरवलं. शेवटी साल जशीच्या तशी राहिली. मग तिनं चिमटा पदरानं पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"आता न्या," ती म्हणाली. "माजं अंग शिवायला चालंल ह्यो."

ऑपरेशन नीट झालं. खोल जागी एकही टाका ओढला गेला नाही, असं डॉक्टरीण बाईंनी कल्लप्पाला बाहेर येऊन सांगितलं. तो हात जोडून उभा राहिला.

तिला खायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी मऊ भात आणि मुगाचं वरण घेऊन गेलो होतो. तिच्या उजव्या हाताला सलाइन लावलेली. तरी सवयीनं तिनं तोच हात उचलला आणि नर्स तिच्यावर ओरडली. कल्लप्पा उठला, ताट घेऊन खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि तिच्या डाव्या हाताशी ठेवलं.

तिनं आजूबाजूच्या खाटांकडं बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाया बघत्यात."

"बघू देत की," तो म्हणाला. "मी बी बघतो. तुला नीट जेवताना बघायचंच ऱ्हायलंय माजं."

गौरम्मानं डाव्या हातानं भात कालवला आणि जेवायला लागली.