गावभर वाटलेली मांडी

आमच्या आत्याच्या उजव्या मांडीत स्टीलची पट्टी होती, आणि घणसोली गावात त्या पट्टीला देवळाच्या घंटेइतका मान होता. नवं शहर वसवायला खाडीवर भराव टाकायचं काम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. आत्या डोक्यावर पाटी घेऊन मिठागराच्या बांधावरून येत होती आणि मुरुमाने भरलेला एक टिपर मागे मागे येत तिच्यावर गेला. आत्याची मांडी मोडली हे खरं. पण टिपरची मागची फळी कायमची वाकली हेही तितकंच खरं, आणि त्याचा ड्रायव्हर पुढे आमच्या गावाकडे तोंड करून हॉर्नसुद्धा वाजवत नसे. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी हाडाला पट्टी लावली, स्क्रूने आवळली आणि सांगितलं, चालता येईल, पण हा पाय पुरता दुमडणार नाही. तेव्हापासून आत्या कुठेही बसली की तिचा उजवा पाय तोफेसारखा समोर रोखलेला असायचा. समोर बसणारा माणूस आपोआप जरा बाजूला सरकून बसायचा.

इस्पितळातून निघताना तिने एक्सरे मागून घेतला. जन्मात तिने कॅमेऱ्यापुढे तोंड केलं नव्हतं. घरात तिचा फोटो एकच, आणि तोही आतून काढलेला. तो तिने खिडकीला लावला. आल्यागेल्याला चहाच्या आधी मांडी दाखवली जायची. पांढरी पट्टी आणि तिच्यात दाढांसारखे ओळीने बसलेले स्क्रू. भरती यायच्या आधी पट्टी ठणकते असं आत्या म्हणायची, आणि खाडीत जाळं टाकणारे आमचे लोक पंचांग बाजूला ठेवून तिच्या मांडीची चौकशी करायला यायचे.

मग सूर्यग्रहण आलं. शाळेतल्या गुरुजींनी पोरांना बजावलं की उघड्या डोळ्यांनी बघाल तर आंधळे व्हाल, एक्सरेच्या फिल्ममधून बघा. आता आख्ख्या गावात एक्सरे एकच. मोठी माणसं दारं लावून, पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं टाकून आत बसायच्या तयारीत होती. पोरांना कोण अडवणार? आदल्या दिवशी आमच्या ओटीवर ही लांब रांग लागली. आत्याने कात्री मागवली, खिडकीतली फिल्म उतरवली आणि स्वतःच्या मांडीचे तुकडे करून, प्रसाद ठेवावा तसा एकेक तुकडा एकेकाच्या हातावर ठेवला. मी हळहळलो, तर म्हणाली, "हाडूक माज्या आंगान हाय ना? मंग फोटो काय चाटाचा हाय?"

दुसऱ्या दिवशी घणसोलीच्या पोरांनी सूर्य पाहिला तो आत्याच्या मांडीतून. एकाने तर सूर्याला स्क्रू मारलेला पाहिला, आणि ते तो आजही शपथेवर सांगतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ झाला तो माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात.

आमच्या आगरी लोकांत लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. ती हळदीपासून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, देवांना, पितरांना, झाडाझुडपांना आवतण देते, आणि ते सगळे आले असं तिने सांगितलं की मगच मांडवात पुढचं पाऊल पडतं. आत्या आमच्या आळीची धवलारीण. तिने गावातली इतकी लग्नं लावली होती की तिचा घसा बसला असता तर गावाची एक पिढी बिनलग्नाची राहिली असती. आणि माझा धाकटा भाऊ तर तिच्याच हातचा. आमची आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता; त्याला आत्याने वाढवलं, तो शिकला आणि दिल्लीला नोकरीला लागला. लग्न दिल्लीतच ठरलं. मुलीचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना हलवता येत नव्हतं. भावाने कळवलं, इथे भटजी आहेत, सगळं आहे, आत्याला एवढा त्रास नको. आत्याने निरोप ऐकला, पान तोंडात टाकलं आणि म्हणाली, "त्याच्या लगनात गायाचा इडा मी तो पालन्यान होता तवाच घेतलाय. मी गायले नाय तं त्याचं लगीन लागलं असं मी मानाची नाय."

आगगाडीने जायचं तर तिचा पाय दुमडत नाही. दिवसरात्रीच्या प्रवासात डब्यातल्या संडासात ती बसणार कशी? मी तेव्हा बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात फिटर होतो. पाइप कुठून वाकतो आणि कुठून वाकत नाही हे मला कळत होतं. विमानाशिवाय इलाज नव्हता. मिठागराच्या जागेचा मोबदला नुकताच हातात आला होता. आत्या म्हणाली, जमीन तर गेली, आता आभाळ तरी बघू.

सोमवारी सकाळचं विमान, त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत हळद. आणि शनिवारी दुपारी आमच्या शेजारचा लोडर आला. हा सांताक्रूझच्या विमानतळावर सामान चढवायचा, त्यामुळे विमान कसं उडतं इथपासून का पडतं इथपर्यंत सगळं त्यालाच ठाऊक, असा त्याचा थाट. त्याने सांगितलं, लोक बंदूक दाखवून विमानं पळवायला लागल्यापासून तिथे एक चौकट उभी केली आहे. अंगावर खिळा जरी असला तरी ती बोंबलते, आणि एकदा बोंबलली की पोलीस माणसाला बाजूला घेतात. मग विमान जातं आणि माणूस राहतो.

झालं. घरातल्या बायका आत्याच्या अंगावरचं लोखंड वेचायला बसल्या. आकडे गेले, पिना गेल्या, पोलक्याची बटणं काढून नाड्या लावल्या. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा गेला. जोडवी निघेनात, तर साबण लावून, दोघींनी आत्याला धरून आणि तिसरीने पाय ओढून ती काढली. अडकित्ता सोडायला मात्र तिने घासाघीस केली. शेवटी सुपारी घरीच कातरून घेऊ यावर तडजोड झाली. एवढं झाल्यावर लोडर हळूच म्हणाला, "आनि मांडीतल्याचा काय करनार?"

मांडीतलं कोण काढणार?

त्याने उपायही सांगितला. पोलिसांना एक्सरे दाखवा. त्यावर इस्पितळाचा शिक्का आणि आत्याचं नाव असेल, काम होईल. मी वाशीला जाऊन आलो. एक्सरे काढणाऱ्या दवाखान्याला कुलूप होतं आणि तो थेट सोमवारी दहाला उघडणार होता. तोवर विमान दिल्लीच्या निम्म्या वाटेवर. माझं तोंड बघून आत्या उठली, पाय पुढे टाकत दाराशी गेली आणि म्हणाली, "घरोघर वाटलाय ना? मंग घरोघर मांगून आनू."

रविवारी आम्ही आत्याची मांडी गोळा करायला निघालो. मी तुम्हाला सांगतो, चोरीचा माल शोधणं सोपं. ग्रहण होऊन इतकी वर्षं झाली होती, पण आमच्या गावात वस्तू फेकायची रीत नाही. एक तुकडा बॅटरीच्या काचेवर बसवलेला सापडला, एक सायकलच्या मागच्या दिव्यावर. खाडीकाठच्या झोपडीतल्या कंदिलाची फुटलेली काच गुडघ्याच्या वाटीने झाकली होती. एका घरी तर तुकडा देव्हाऱ्यात. पोराचे डोळे वाचवले म्हणून त्याला हळदकुंकू वाहिलेलं. ती बाई तुकडा देताना रडली, आणि आत्याने तिला बजावलं, दिल्लीवरून आल्यावर परत आणून देईन. शिक्क्याचा आणि नावाचा कोपरा मिळाला तेव्हा मला कारखान्यात बोनस मिळाल्यासारखं वाटलं.

एकच तुकडा राहिला. नेमका मधला, जिथे हाड मोडलं होतं आणि सगळे स्क्रू होते. तो ज्या पोरीने नेला होता तिचं लग्न होऊन ती करंजाड्याला गेली होती. मी पनवेलपर्यंत एसटीने आणि पुढे मिळेल त्याने करंजाडे गाठलं. तिने मला पाणी दिलं, चहा दिला, तुकडा अगदी सांभाळून आणला होता म्हणून सांगितलं, आणि मग अंगणातल्या बकरीकडे बोट दाखवलं. बकरी माझ्याकडे बघत रवंथ करत होती. मी तिच्या तोंडात डोकावलोसुद्धा.

घरी आलो तर आत्याने बाकीचे तुकडे गोधडीला ठिगळं जोडावीत तसे काळ्या दोऱ्याने शिवून ठेवले होते. गुडघा खाली, खुबा वर, कोपऱ्यात शिक्का, आणि मधोमध बकरीएवढं भोक. मी भोकाबद्दल सांगितलं. तिने फिल्म उजेडाला धरली, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि पिशवीत ठेवून दिली.

सोमवारी सकाळी आम्ही सांताक्रूझला. नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, एका हातात काठी, एका हातात पिशवी, आणि पोलक्याला नाड्या. आत्या चौकटीतून गेली आणि चौकट अशी बोंबलली की कुर्ल्यापर्यंतच्या कोंबड्या जाग्या झाल्या असाव्यात. एका महिला पोलिसाने तिला मागे फिरून परत यायला सांगितलं. आत्या परत आली, चौकट परत बोंबलली. मागे रांगेत सफारी घातलेला एक माणूस घड्याळ बघत चुकचुकला. आत्याने मान वळवून त्याला विचारलं, त्याच्या घरी कोणाचं लगीन आहे का. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मंग थांब.

मी फिल्म काढून दिली. पोलीस बाई तरुण होती, बोलण्यावरून साताऱ्याकडची. तिने ती गोधडी खिडकीच्या उजेडात धरली, शिवण बोटाने चाचपली, शिक्का वाचला, नाव तिकिटाशी ताडून पाहिलं आणि भोकावर येऊन थांबली. पट्टी जिथे असायला हवी तो भाग यात नाहीच की, असं तिचं म्हणणं. मी बकरीची हकिकत सांगितली. आयुष्यात मी इतक्या थापा मारल्या आणि त्या सगळ्या खपल्या. ही एकच खरी गोष्ट, आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही.

"मावशी, तुम्ही आज थांबा," बाई म्हणाली. ती उर्मट नव्हती, हे सांगायला हवं. साहेब दुपारी येतील, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, उद्याच्या विमानाने जा, असं तिने समजावून सांगितलं.

उद्या म्हणजे हळद होऊन गेलेली. तिकडे भाऊ पाटावर बसणार आणि आत्या इकडे सांताक्रूझला. मी मागे फिरायच्या विचारात पिशवी उचलली.

आत्याने पिशवी माझ्या हातातून परत घेतली. तिने काठी रोवली आणि जागची हलली नाही. आगरी बाई मिठागराच्या चिखलात पाय रोवते ना, तशी.

"पोरी," ती म्हणाली, "मी आयले ती फिराला नाय. परदा खय हाय तुजा?"

बायकांच्या तपासणीसाठी बाजूला पडदा लावलेली जागा होती. बाई तिला आत घेऊन गेली. आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. पण पडदा पातळ होता आणि कान माझे.

धातू शोधायच्या हातातल्या यंत्राची कुरकुर ऐकू आली. मग कापडाची सळसळ. आत्याने कासोटा सोडला, उघड्या मांडीवर ती शिवलेली फिल्म पसरली आणि शिंपी कापड बेतताना अंगाला लावून बघतो तशी वर-खाली करत बसवली. गुडघ्यावर गुडघा, खुब्यावर खुबा. हे तिने मला नंतर विमानात दाखवलं, भर विमानात. मी नको नको म्हणत होतो. फिल्म नीट बसली तेव्हा ते भोक बरोबर टाक्यांच्या व्रणावर आलं.

"बकरीन खाल्लेला तुकरा हा बग," आत्याचा आवाज आला. "आता हात लाव. दाब. लागला का?"

यंत्र परत एकदा कुरकुरलं. मग पोलीस बाईचा आवाज, अगदी हळू: "दुखतं का हो मावशी?"

"भरतीला," आत्या म्हणाली.

पडदा सरकला. बाईने बोर्डिंग पासावर शिक्का मारला, तो फुंकर मारून वाळवला आणि आत्याचा हात धरून तिला दुसऱ्या दारापर्यंत पोचवून आली. वाटेत आत्याने तिचं गाव विचारून घेतलं, आईवडिलांची चौकशी केली आणि अजून लग्न का नाही म्हणून दरडावलंसुद्धा. तुझ्या लग्नात धवले मी म्हणेन, साताऱ्यात चालो न चालो, असंही तिला सांगून टाकलं.

विमानात आत्याला पुढची सीट दिली, तोफ ठेवायला जागा होती म्हणून. विमान उडालं आणि किंचित उजवीकडे झुकलं. लोक म्हणतात विमान वळताना झुकतंच. मी फिटर आहे. वजन कुठे होतं ते मला माहीत आहे.

संध्याकाळी दिल्लीत, मुलीकडच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर, आत्या खुर्चीवर बसली. पाय समोर रोखलेला. मुलीच्या वडिलांची खाट आतूनच गच्चीच्या दाराशी ओढून ठेवली होती. माझा भाऊ पाटावर बसला होता. आत्याला बघितल्यापासून त्याने मान वर केली नव्हती, आणि हळदीमुळे डोळे चुरचुरतात असं सांगत होता, हळद लागायच्या आधीच. आत्याने खाकरून घसा साफ केला आणि आवतण सुरू केलं. गावदेवीला बोलावलं, डोंगरावरच्या देवीआईला बोलावलं, खाडीला, मिठागराला, जे आता भरावाखाली होतं त्यालाही, आमच्या आईला बोलावलं. मग थोडी थांबली. पितरांनंतर ती कधी थांबत नसे, म्हणून आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. तिने त्याच चालीवर पुढे धरलं:

"सांताक्रूझच्या दारा, ये रं मांडवान, बोंबलत ये पन ये. परद्यामागच्या पोरी, ये गो मांडवान, तुजा हात लागला, मी आयले."