नणंदेच्या घरी पाहिलेला लांडगा

नणंदेच्या धाकट्या मुलीचा वाढदिवस होता म्हणून त्यांनी बारामतीहून एका दिवसासाठी व्हिडिओ भाड्याने आणला होता. मला वाढदिवसाचं बोलावणं होतं, पण मी गेले ती शेळीसाठी. नणंदेने माझ्या मालकांच्या हाती निरोप धाडला होता की वैनीला म्हणावं येताना कान घेऊन ये, नाहीतर शेळी मी परत आणते.

ती शेळी तिची होती. आमचं रान कऱ्हाटीच्या वरच्या अंगाला, कोरडवाहू. बाजरी निघाली की सगळं माळासारखंच. नणंदेचं सासर काटेवाडीचं, पाटाच्या पाण्याचं. तिच्या घराच्या मागच्या भिंतीला ऊस लागलेला आणि पुढे भाजीचे वाफे. तिथे शेळी सोडली की कोणाच्यातरी पिकात शिरते आणि भांडण होतं. म्हणून तिने ती मला अर्धलीने दिली होती. शेळी तिची, सांभाळायची मी, होतील त्या करडांतली अर्धी तिची नि अर्धी माझी. करडं दूध सोडेपर्यंत वाटणी करायची नाही आणि पहिली निवड मालकाची. अर्धलीचं जनावर मेलं तर सांभाळणाऱ्याने त्याचा कान कापून मालकाला दाखवायचा, अशी आमच्याकडे रीत. कान दाखवला की कोणी काही विचारत नाही.

त्या वर्षी शेळीला दोन करडं झाली आणि त्यातलं एक लांडग्याने नेलं. सगळंच नेलं. कान मागे राहिला नाही. मी ते बाजारात विकलं असं नणंदेच्या मनात आलं. तिने तसं म्हटलं नव्हतं, पण कान मागितला म्हणजे तेच.

शेळी गेली असती तर माझ्या मुलीचं दूध गेलं असतं. ती तेव्हा दोन वर्षांची होती. आणखीही एक होतं. घरातलं काय पेरायचं, काय विकायचं हे थोरले दीर ठरवायचे. शेळीचं मात्र मला विचारत. शेळीला कुठे न्यायचं, काय घालायचं, बोकडाला कधी दाखवायची, हे माझं मी ठरवायचे. दुसरं माझं असं काही नव्हतं.

मी मुलीला कडेवर घेऊन मोरगावकडून येणाऱ्या एसटीने बारामतीला गेले आणि तिथून दुसऱ्या गाडीने काटेवाडीला उतरले. अकरा वाजले असतील. घरात आधीच आळीतली माणसं बसली होती. खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला होता. नणंदेचे सासरे, ज्यांना सगळे तात्या म्हणत, ते पुढे खाटेवर. मुलं जमिनीवर. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात, अर्ध्या आत नि अर्ध्या बाहेर. नणंद माझ्याकडे बघून हसली, मुलीला तिने उचलून घेतलं, पण शेळीचं काही काढलं नाही. मीही काढलं नाही. माणसांत काय काढणार.

मोठा सिनेमा संपल्यावर कॅसेटच्या शेवटी एक चित्रांचा सिनेमा होता. दहाएक मिनिटांचा असेल. जुना वाटत होता, रंग विटलेले. त्यात एक लांडगा आणि एक कोकरू. बोलणं कोणाचंच नाही, नुसती वाजंत्री. लांडगा कोकराला धरायला खड्डा खणतो आणि स्वतःच त्यात पडतो. झाड वाकवून दोरीने बांधतो, दोरी तुटते आणि झाड त्यालाच उडवून विहिरीत टाकतं. वर येतो तर रहाटाची बादली डोक्यात. एकदा तर रस्ता दाबायच्या रुळाखाली सापडून भाकरीसारखा चपटा झाला आणि तसाच उठून चालायला लागला. कोकरू लांब उभं राहून जीभ दाखवायचं. आणि दर वेळी लांडगा जवळ आला की बें बें करून सगळं रान उठवायचं.

मुलं इतकी हसली की तात्यांनी दोनदा हटकलं. सिनेमा संपल्याबरोबर वाढदिवसवाल्या मुलीने परत लावायला लावला. दुसऱ्या वेळी लोक बोलायला लागले.

तात्या म्हणाले की हा कोल्हा आहे, लांडगा नव्हे. उसाच्या गावातल्या माणसांनी कोल्हाच पाहिलेला. तो उसात राहतो, ऊस खातो, कोंबडी नेतो आणि माणूस खाकरला तरी पळतो. नणंदेची जाऊ इंदापूरकडची, माळावर वाढलेली. तिला ते पटलं नाही. पण ती तात्यांशी सरळ बोलत नसे. तिने जवळ बसलेल्या पोरीला सांगितलं, "आजोबांना म्हणावं, कोल्ह्याची शेपटी झुपकेदार आसती. ह्याची बघा." पोरीने ते ओरडून सांगितलं. तात्यांनी पडद्याकडे बघतच उत्तर पोरीला दिलं, "तुझ्या चुलतीला म्हणावं, चित्र काढणाऱ्याला कुठं ठावं आसतंय." सगळे हसले, जाऊही हसली.

मग ज्याला जे वाटलं ते तो बोलू लागला. तात्यांना लांडग्याची कीव आली होती. बिचाऱ्याला एवढा बडवतात कशाला, एक डाव खाऊ द्यावं की, असं त्यांचं म्हणणं. शेजारची एक म्हातारी म्हणाली की कोकरूच आगाऊ आहे, मेंढरांच्या वाड्यात गपगुमान बसलं असतं तर लांडगा कशाला आला असता. जाऊ म्हणाली की मुलांना असलं दाखवू नये, उद्या एकमेकांच्या डोक्यात बादल्या घालतील. मुलांचं मत एकच होतं, चपटा होतो ते परत दाखवा.

नणंदेचं मत वेगळं होतं. ती म्हणाली की एवढा गोंधळ चाललाय, पण ह्या कोकराचा धनी कुठं आहे. अख्ख्या सिनेमात माणूस एक नाही. ते खरं होतं, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग ती जरा मोठ्याने, पण तात्यांकडे पाठ करून म्हणाली, "राखायला दिलेलं आसंल कुणाला. राखणारी झोपली आसंल." दोघी-तिघी हसल्या. त्यांना शेळीचं ठाऊक होतं असं मला तेव्हा कळलं.

मी खाली बघून मुलीचे केस नीट करत बसले. माझं मत कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं. पण मत होतं. सिनेमातला लांडगा उडी मारायच्या आधी दर वेळी आपल्याकडे बघायचा, जणू आपल्याला सांगतोय की आता बघा हं. मी पाहिलेला लांडगा माझ्याकडे बघत नव्हता. त्याचं माझ्याशी काही काम नव्हतं.

तिसऱ्यांदा सिनेमा लागला तेव्हा नणंद परत बोलली. आता ती हसत नव्हती. "बघा की, लांडगा येतो तर किती वाजतगाजत येतोय. कोकरू केवढं वरडतंय. आन आमच्या रानात करडू गेलं तर बांधापलीकडं दादा बसलेला, त्याला पत्ता न्हाय." जाऊ म्हणाली की तसं नसतं, लांडगा असा नसतो. पण ती एवढंच म्हणाली, कारण तात्यांनी वळून पाहिलं होतं.

ही खरी अडचण होती. दादा म्हणजे माझे थोरले दीर, नणंदेचे भाऊ. करडू गेलं त्या दिवशी ते बांधापलीकडे आमच्याच दुसऱ्या वावरात तुरीत काम करत होते. नणंदेने त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले की मी काही ऐकलं नाही, आणि ते खोटं बोलणारे नव्हते. लांडगा आला, करडू नेलं आणि बांधापलीकडच्या माणसाला ऐकू गेलं नाही, हे तिला पटत नव्हतं. उसाच्या गावात राहून तिला लांडगा माहीत नव्हता. लग्नाआधी ती आमच्या रानात असायची, पण लांडगा नेताना तिने कधी बघितला नव्हता. आणि आता तर सिनेमात बघितला, तोही तीनदा.

जेवणं झाली. आळीतली माणसं गेली. तात्या बाहेरच्या खोलीत खाटेवर आडवे झाले, मुलं रस्त्यावर खड्डा खणायला गेली. जाऊ भांडी घेऊन नळावर गेली. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच राहिलो. नणंदेने उरलेल्या पुऱ्या फडक्यात बांधल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. मग म्हणाली, "कान आणलास का, वैनी?"

मी सांगितलं की लांडग्याने सबंध नेलं. मानेला धरून. मी मागे गेले होते ओढ्यापर्यंत, पण रक्तसुद्धा नव्हतं.

ती म्हणाली की मग आवाज कसा झाला नाही.

मला तिला सगळं सांगावं लागलं. मी सलग इतकं कधी बोलले नसेन. दिवस कलायला आला होता. मी बांधाच्या अलीकडे गवत कापत होते. शेळी चरायची थांबली म्हणून मी वर बघितलं. ती कान टवकारून एकीकडे बघत उभी होती, हलत नव्हती, ओरडत नव्हती. तिच्याजवळ एकच करडू होतं. ती बघत होती तिकडे बघितलं तर माळाच्या उतारावर लांडगा चालला होता. पळतसुद्धा नव्हता. नुसता चालत होता, तोंडात करडू धरून, ते पायात येऊ नये म्हणून मान जरा वर केलेली. माळावर कुणी धुणं घेऊन चालावं तसा. करडाचे पाय लोंबत होते. मला वाटतं ते तेव्हाच गेलं होतं.

"आन तू?" नणंद म्हणाली. "तू बघितलास तर वरडली का न्हाईस? दादा हाकेवर हुता."

लांडगा दिसला की ओरडायचं, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. चार माणसं धावली की पुष्कळदा तो टाकून जातो. मी तोंड उघडलं होतं. विळा हातात होता. पण बांधापलीकडे थोरले दीर होते. लग्न होऊन मला चार वर्षं झाली होती आणि त्यांच्या देखत मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. ते घरात असले की मी मुलीलासुद्धा हळू हाक मारायचे. त्या दिवशी आवाज निघाला नाही. मी ठरवून गप्प बसले असं नाही. गळ्यात आलेला आवाज तिथेच राहिला. मग मी शेळीला सोडून धावत गेले, पण न ओरडता धावले, आणि लांडगा ओढ्यात उतरला.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या मालकांनाही नाही. लांडग्याने नेलं एवढंच सांगितलं होतं.

मी नणंदेला म्हणाले, "वन्सं, करडू वरडलं न्हाय. लांडगा वाजला न्हाय. आन मीबी वरडले न्हाय. दादा हुते तितं."

 तिला ते खरं वाटतंय की नाही हे मला कळेना. मी पुऱ्यांच्या फडक्याची गाठ सोडून परत बांधली.

तेवढ्यात बाहेरून तात्यांनी चहा मागितला. घरात कोण आहे, असं विचारलं. नणंद उठली. मला वाटलं ती ओ देईल. तिने दारापाशी जाऊन कडी दोनदा वाजवली. तात्या म्हणाले, बरं बरं, साखर कमी घाल. तिने चहाचं भांडं चुलीवर ठेवलं आणि तिथेच उभी राहिली, कडीकडे बघत. तिच्या लग्नाला तेव्हा चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. आमच्याकडे माहेरी आली की तिचा आवाज दोन वावरं पलीकडे ऐकू जायचा, दिरांशीही ती कडाकडा भांडायची. इथे तात्यांना ओ द्यायला ती कडी वाजवत होती. हे मी त्याआधीही पाहिलं असणार, पण मनात आलं नव्हतं. तिच्याही आलं नसावं.

चहा उकळला. तिने तो गाळला, पोरीला हाक मारून तात्यांकडे पाठवला आणि मग माझ्यासमोर बसली.

"शेळी राहू दे तुझ्याकडं," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"पर गेलेलं करडू तुझ्या वाट्याचं धरायचं. राहिलंय ते माझं."

मी त्यालाही मान हलवली. ते रीतीला धरून होतं. सांभाळणारीच्या हातून गेलं होतं.

मग ती म्हणाली की दादाला मी सांगते, म्हणजे पुन्हा असं झालं तर ओरडायला तुला अवघड जायचं नाही. मी म्हणाले की सांगू नका. ती हसली. म्हणाली, "आता मला तर एवढ्या मोठ्यानं सांगितलंस." मी काही मोठ्याने सांगितलं नव्हतं, पण तिला तसं वाटलं असेल.

करडाने दूध सोडल्यावर ती स्वतः येऊन राहिलेलं करडू घेऊन गेली. मादी होती, पाठ, चांगली पांढऱ्या कानाची. उसाच्या गावात तिचं काय केलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. आमच्याकडे शेळी राहिली आणि मुलीचं दूध राहिलं. नणंदेने दिरांना काही सांगितलं नाही. निदान त्यांनी तसं दाखवलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर लांडगा परत दिसला. शेळी दुसऱ्यांदा व्यालेली होती, पुन्हा दोन करडं. ऊन होतं, दीर बांधापलीकडेच बाजरीची ताटं काढत होते. लांडगा ओढ्याच्या काठावर उभा होता, अजून लांब. मी ओरडले. शब्द काहीच नव्हता, नुसता आवाज. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. लांडगा थोडा वेळ उभा राहिला आणि मग खाली उतरून गेला. दीर हातात ताट घेऊन बांध ओलांडून धावत आले. मी पदर ओढून बोट दाखवलं. ते ओढ्यापर्यंत जाऊन आले. माझ्याकडे न बघता, शेळीकडे बघत त्यांनी विचारलं, "समदी हायेत का?"

"हायेत," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं.