लिलाव बरोबर दहाला

कमिशनर गेले ते मार्चमधल्या एका रविवारी, सकाळी साडेसहाच्या सुमारास, डोंबिवली पूर्वेतल्या आपल्या घरी. हृदयविकाराचा झटका. वय एकाहत्तर. त्याच घराच्या हॉलमध्ये त्याच दिवशी सकाळी दहा वाजता आमच्या फँटसी क्रिकेटचा वार्षिक लिलाव ठरलेला होता. बारा प्लास्टिकच्या खुर्च्या त्यांनी आदल्या संध्याकाळीच मांडून ठेवल्या होत्या.

खेळ साधा होता. वीस षटकांच्या खऱ्या लीगमधले खेळाडू आम्ही बाराजण आपसांत वाटून घ्यायचो; मैदानावर ते जे करतील त्याचे गुण आमच्या संघांना मिळायचे. पैशांचा संबंध नव्हता. बोली लावायला प्रत्येकाला शंभर पॉइंट. पाळीपाळीने एकेकाने खेळाडूचं नाव पुकारायचं, बाकीच्यांनी बोली चढवायची. जो हरेल त्याने सर्वांना मिसळ खिलवायची. हा आराखडा कमिशनरांचा; हा खेळ ते चालवायचे म्हणून आम्ही त्यांना कमिशनर म्हणायचो. कोलशेतच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंग्ज काढली होती आणि लिलावाचे नियमही ते तशाच टोकदार पेन्सिलीने, समास आखून लिहायचे. ते स्वतः कधी खेळले नाहीत. ‘नियम करणाऱ्याने खेळू नये,’ असं म्हणायचे.

पाळीचा क्रम दर फेरीला उलटा व्हावा हा त्यांचा आग्रह. पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसऱ्या फेरीत बारा ते एक. बँकेतल्या प्रभुदेसायांनी एकदा विचारलं, “कशाला एवढी भानगड?” कमिशनर म्हणाले, “पंगतीत दर वेळी एकाच टोकापासून वाढत गेलात, तर दुसऱ्या टोकाला जिलबी कायम गार मिळते. फॉरमॅट म्हणजे काय? शेवटी बसलेल्या माणसाची काळजी.” हे वाक्य आम्ही बरेचदा ऐकलं.

घड्याळ हा त्यांचा दुसरा आग्रह. नियम चार: लिलाव बरोबर दहाला सुरू होईल. नियम पाच: गैरहजर माणसाची पाळी बुडेल. उपस्थितीची वही माझ्याकडे होती, कारण मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो आणि वेळ अचूक लिहितो असा त्यांचा समज होता. नावापुढे मिनिटासकट वेळ लिहायची. “‘साधारण दहा’ अशी वेळ नसते,” असं त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं.

आम्हा बाराजणांतले बारावे साळवे. एसटीत वाहक, खोपट आगाराला. त्यांना कमिशनरांनीच आणलं होतं. खोपटच्या स्टँडवर न आलेल्या गाडीची वाट पाहताना दोघांची ओळख झाली आणि पाऊण तास क्रिकेटवर बोलणं झालं. साळव्यांना कुणाला ठाऊक नसलेले खेळाडू ठाऊक असत. बडोद्याचा डावखुरा, विदर्भाचा राखीव यष्टिरक्षक. पहिल्या दोन वर्षांत ते एकदा जिंकले, एकदा दुसरे आले. आम्ही उरलेले बहुतेक नोकरदार, डोंबिवलीत दोन पिढ्या राहिलेले, एकमेकांच्या लग्नामुंजींना जेवलेले. साळवे कल्याणहून यायचे, दाराशी चपला नीट लावून ठेवायचे आणि दारापाशीच्या खुर्चीत बसायचे.

तिसऱ्या वर्षी लिलावाच्या सकाळी सव्वानऊला त्यांचा मला फोन आला. रात्रपाळीची गाडी माळशेज घाटात अडकली होती, पुढे ट्रक उलटला होता. “दोन-तीन तास लागतील. कमिशनरांना सांगा ना जरा.” मी सगळ्यांसमोर सांगितलं. कमिशनरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “वाईट झालं. पण नियम चार.” अकरा माणसं होती खोलीत. कुणी काही बोललं नाही. दहाला लिलाव सुरू झाला.

साळवे पावणेएकला आले. गणवेशातच, खांद्याला तिकीट मशीनची पिशवी. तोवर अकरा संघ भरले होते. त्यांचे शंभरच्या शंभर पॉइंट शाबूत होते आणि त्यांच्याविरुद्ध बोली लावायला कुणी उरलं नव्हतं; घ्यावं असंही कुणी उरलं नव्हतं. त्यांनी यादी पाहिली. म्हणाले, “पंगत उठली वाटतं.”

प्रभुदेसाई म्हणाले, “अहो, उरलेत की अजून! बरोब्बर अकरा. सगळे तुमचे, बिनविरोध!”

तीन-चार जण हसले.

“उरलेलं आम्हाला नवीन नाही, साहेब,” साळवे म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी उभ्यानेच अकरा नावं सुवाच्य अक्षरात लिहिली, सही केली आणि चहा न घेता गेले. वहीत माझी नोंद आहे: साळवे, १२.४५. पुढच्या वर्षापासून ते आले नाहीत.

त्यानंतर कमिशनरांचं एक काम सुरू झालं. ते दर वर्षी फॉरमॅट दुरुस्त करू लागले. बंद पाकिटाचा नियम आला: ज्याला येणं जमणार नाही त्याने पसंतीक्रम आणि कमाल बोली लिहून पाकीट द्यावं, त्याच्या वतीने बोली कमिशनर लावतील. मग राखीव कोटा आला: गैरहजर माणसासाठी पहिल्या तीस खेळाडूंतले तीन बाजूला ठेवायचे. दर फेब्रुवारीत नवे नियम आणि कोरं पाकीट घेऊन ते रिक्षाने खोपटला जात आणि साळव्यांची गाडी लागेपर्यंत थांबत. साळवे नम्रपणे म्हणत, “ड्युटी आहे हो, साहेब.” पाकीट कोरंच परत येई.

बारावी जागा मात्र त्यांनी भरू दिली नाही. उमेदवार होते, प्रभुदेसायांचा जावई दोन वर्षं मागे लागला होता. लिलावात बाराव्याची पाळी आली की कमिशनर रिकाम्या खुर्चीकडे पाहून “साळवे,” असं मोठ्याने पुकारत आणि अर्धा मिनिट थांबत. हे प्रत्येक फेरीत.

“अहो, तो नाही येणार आता,” प्रभुदेसाई एकदा वैतागून म्हणाले.

“पाळी त्यांची आहे.”

“पाच वर्षं झाली, कमिशनर!”

“म्हणूनच थांबतोय. तेव्हा थांबलो नव्हतो.”

शेवटच्या फेब्रुवारीत त्यांना एकट्याने जिना उतरवत नव्हता, म्हणून मी सोबत गेलो. साळवे आगाराबाहेरच्या टपरीवर चहा पीत होते. कमिशनरांनी फाइल उघडली आणि नियम सतरा समजावू लागले. साळव्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं.

“साहेब, फॉरमॅट चांगलाय. पहिल्यापासून चांगलाच होता.”

“मग चुकलं कुठे, ते सांगा. दुरुस्त करतो.”

“अकरा जण होतात आणि तुम्ही. फोन करून सांगितलेलं मी. एकानं म्हटलं नाही की थांबूया, तोवर चहा घेऊया. त्याला कुठला नियम लागतो?”

कमिशनरांनी फाइल मिटली. म्हणाले, “मी म्हणायला हवं होतं. माझं चुकलं, साळवे.”

सहा वर्षांत हे वाक्य त्यांनी उच्चारल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यांच्या पत्नीने, वहिनींनीही ऐकलं नव्हतं, असं त्यांनी मला पुढे सांगितलं. साळव्यांनी पाकीट घेतलं, दुमडून तिकीट मशीनच्या पिशवीत ठेवलं. “बघतो,” म्हणाले आणि गाडीत चढले. परतीच्या रिक्षात एका सिग्नलला कमिशनर म्हणाले, “घेतलं त्यांनी.”

रविवारी सकाळी मी साडेआठला त्यांच्या घरी पोचलो. खुर्च्या भिंतीला सरकवून कमिशनरांना हॉलमध्ये ठेवलं होतं. निरोप फोनवर फिरला होता. साळव्यांचा नंबर कमिशनरांच्या डायरीत होता आणि डायरी कुणाच्या लक्षात आली नाही.

साळवे आले ते गणवेशात नव्हते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पाकीट. दारातल्या चपलांचा ढीग पाहून जिन्यातच थांबले. मी पुढे गेलो.

“दहालाच होता ना?” त्यांनी विचारलं.

“दहालाच.”

ते आत आले. कमिशनरांच्या पायांशी उभे राहिले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहून विचारलं, “तुम्ही साळवे का?” त्यांनी मान हलवली. वहिनी म्हणाल्या, “काल खुर्च्या मोजून मांडल्या त्यांनी. बारा.” साळव्यांनी पाकीट त्यांच्या हाती दिलं आणि दारापाशीच्या खुर्चीत बसले. अकरा वाजता खांदा देणाऱ्या चौघांत डाव्या बाजूला मागे ते होते.

त्या वर्षी लिलाव झाला नाही. पाकीट कमिशनरांच्या फाइलीत आहे, चिकटवलेलं. त्या रविवारच्या पानावर मी लिहिलेली एकच नोंद आहे: साळवे, ९.४०.