कानातली रोजचीच शिट्टी

चाकणच्या कंपनीत प्रेसखाली माझ्या उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली. ती गेली तर मशीनवरचं काम गेलंच, हे मला कुणी सांगायला नको होतं. ऑपरेशनसाठी पूर्ण झोपवणार नव्हते, खांद्याजवळ सुई देऊन नुसता हात बधिर करणार होते. आणि माझा सगळा राग निघाला तो भुलीच्या डॉक्टर बाईंवर.

बाई थोडंसं औषध सोडायच्या, थांबायच्या आणि विचारायच्या, "काका, कानात वाजतंय का? तोंडाला लोखंडासारखी चव येतेय का?" अहो, उभा जन्म प्रेस शॉपमध्ये गेलेला माणूस मी! कानात शिट्टी आणि जिभेवर लोखंड घेऊनच थेरगावला घरी जातो. "ते रोजचंच आहे, मॅडम. उरका लवकर," म्हणालो.

त्यांनी उरकलं नाही. सिरिंज तिथंच थांबवली आणि विचारलं, "रोजच्याइतकंच, की जास्त?"

"भोंगा झाला, डबा आणा," असं मी उत्तर दिलं म्हणे. तेवढ्यात मशीनवरची माझ्या हृदयाची टुकटुक अडखळायला लागली. मेलो, एवढंच वाटलं. बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. ऑक्सिजन लावला, दुधासारखी पांढरी बाटली शिरेतून सुरू केली आणि माझं मनगट धरून बसल्या, ती टुकटुक ताळ्यावर येईपर्यंत.

मग त्यांनी समजावलं. बधिर करणारं औषध रक्तात जास्त उतरलं की आधी कान वाजतात, तोंडाची चव बदलते, माणूस काहीबाही बरळतो, मग हृदय अडखळतं आणि रक्तदाब कोसळतो. पांढऱ्या बाटलीतली चरबी ते औषध रक्तातून ओढून घेते. आणि एवढं होऊ नये म्हणून तर बधिर करणारं औषध थोडंथोडं सोडणं आणि सारखं विचारणं. काय ती बाई, खरंच! ऑपरेशन दुसऱ्या दिवशी पूर्ण भूल देऊन झालं.

बोटं वाकडी आहेत, पण शर्टाचं बटण लावतात. टाके काढायच्या दिवशी बायको म्हणाली, "आधी त्यांच्या पाया पडा." मी वाकलो तशा बाई मागं सरकल्या आणि हसून म्हणाल्या, "काका, कानात वाजतंय का?"

"वाजतंय, मॅडम," म्हटलं, "रोजच्याइतकंच." आणि सगळ्या वॉर्डासमोर मला रडू फुटलं, राव.