शेवटचा रकाना आणि शेवटची फुगडी

जानेवारीत उर्मिलाबाईंच्या हृदयात स्टेंट बसला आणि इंद्रलोक सोसायटीतल्या त्यांच्या घरी फ्रिजच्या दारावर तक्ता लागला. काशीनाथरावांनी तो पट्टीने आखला होता. तारीख, रक्तदाब, नाडी, गोळ्या, चालणं आणि शेवटी 'एकंदर तब्येत'. बाकीचे रकाने ते मोजून, विचारून भरत. शेवटचा मात्र न विचारता. आकडे चांगले आहेत म्हणजे तब्येत उत्तम, त्यात बायकोला काय विचारायचं?

या उत्तम तब्येतीच्या उर्मिलाबाई पहाटे चारला जाग्या होत आणि छताकडे बघत पडून राहत. भूक मेली होती. फोन वाजला तरी उचलावासा वाटत नसे. आपलं हृदय म्हणजे चीर गेलेली कपबशी, आज ना उद्या फुटणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. एरवी त्यांच्यासमोर फुगडीला उभं राहायला बिल्डिंगमधल्या तिशीच्या सुनासुद्धा बिचकायच्या. श्रावणात सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळागौर रंगली, की शेवटची फुगडी उर्मिलाबाईंची, हे बारा वर्षं ठरलेलं. आता ती पुन्हा कधीच नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

एप्रिलच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला तब्येत कशी वाटते?"

"उत्तम," म्हणत काशीनाथरावांनी तक्ता पुढे केला.

"काका, स्टेंट तुम्हाला घातलाय का?"

तक्ता मुकाट्याने मांडीवर गेला. उर्मिलाबाई "वाईट" म्हणाल्या आणि घळाघळा रडल्या.

"हृदयाच्या दुखण्यानंतर बऱ्याच बायकांचं असं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे नखरे नाहीत, आजार आहे. त्यालाही औषध असतं."

मानसोपचारतज्ज्ञांकडची गोळी सुरू झाली. दर आठवड्याला त्यांच्याशी बोलणं आणि रोज सकाळी शेजारच्या मिनलबेनबरोबर फिरणं. जूनअखेर भूक परतली. जुलैत ट्रेडमिलवर चाचणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाला फुगडी. पण हळू, आणि छातीत जरा दुखलं की थांबायचं."

मंगळागौरीच्या संध्याकाळी उर्मिलाबाईंनी पदर खोचून हात पुढे केले. समोरून एकही हात आला नाही. सगळ्या बायकांना एकदम पाण्याची आठवण झाली. त्यांच्यासाठी कोणीतरी खुर्ची सरकवली, वर उशीही ठेवली.

"मिनलबेन, तुम्ही तरी या."

"ना भाभी. मेरे हाथ से कुछ हो गया तो भाईसाब मला बिल्डिंगमधून काढतील."

उर्मिलाबाईंचे हात खाली येऊ लागले. ती चिरलेली कपबशी पुन्हा डोळ्यांसमोर आली. तेवढ्यात त्यांना पहिल्या रांगेत, रक्तदाबाचं मशीन मांडीवर घेऊन बसलेले काशीनाथराव दिसले.

"अहो, ते ठेवा खाली आणि इकडे या."

"मी? अगं, पुरुषमाणूस…"

"डॉक्टरांनी फुगडी घाला म्हणून सांगितलंय. कोणाबरोबर, ते नाही सांगितलं."

काशीनाथराव चपला काढून, त्या जोडीने नीट लावून आले. हातांची अढी झाली, पायाला पाय भिडले. पहिला फेरा कपाट सरकवल्यासारखा गेला. तिसऱ्याला त्यांचा चष्मा उडून मिनलबेनच्या ओटीत पडला. पाचव्याला शर्ट पँटमधून बाहेर आला, आणि हॉलमधल्या सगळ्या ट्यूबलाइटचं मिळून एकच कडं झालं.

"हळू, डॉक्टरांनी हळू सांगितलंय," ते धापा टाकत म्हणाले.

"हळूच आहे हे."

उर्मिलाबाईंचं हृदय धडधडत होतं, आणि जानेवारीपासून पहिल्यांदाच त्यांना त्या आवाजाची भीती वाटली नाही. हसू आवरेना, तशा त्या थांबल्या. खुर्चीवर, उशीला टेकून, काशीनाथराव बसले. त्यांच्या दंडाला पट्टा उर्मिलाबाईंनी बांधला.

"एकशे अठ्ठावन्न. पाच मिनिटं बोलायचं नाही."

घरी आल्यावर काशीनाथरावांनी तक्ता भरायला घेतला. शेवटच्या रकान्याशी पेन थबकलं. त्यांनी ते बायकोपुढे धरलं.

"कशी वाटते?"

उर्मिलाबाईंनी पेन घेऊन लिहिलं, 'चांगली'.

"उत्तम नाही?"

"त्याला अजून एक फुगडी लागेल," त्या म्हणाल्या आणि पदर खोचू लागल्या. काशीनाथरावांनी फ्रिज घट्ट धरला.