बाकी एक

मिठबावच्या शाळेत एकदा मास्तरांनी फळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसते एक लिहिले, एकतीस एक, आणि म्हणाले, "ही सगळी मिळून एकच संख्या. हिला तीनने भाग जातो का?"

मला तर ती वाचताही येईना. मग त्यांनीच युक्ती सांगितली. भागाकार करायचा नाही, आकड्यांची फक्त बेरीज करायची. तिला तीनने भाग गेला तर अख्ख्या संख्येला जातो. एवढ्या राक्षसाच्या पोटातलं नुसती त्याची बोटं मोजून कसं कळतं, ते मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही कळत नाही.

मी बेरीज केली आणि ठणकावून सांगितलं, "जातो."

"बाकी किती?"

"एक. पण तो देवाचा."

सगळा वर्ग हसला. माझं डोकंच फिरलं. यात हसण्यासारखं काय होतं? आमच्या खळ्यात पाडलेले नारळ बाबा आणि दोन काका यांच्यात वाटले जायचे, तीन सारखे ढीग. एखादा उरला की काकी ओरडायची, "तेका हात लावू नको, तो देवाचो!" तीनने भाग जात नाही अशी संख्याच आमच्या घरात नव्हती.

पुढे वाटण्या झाल्या. या खेपेला नारळ नव्हे, माडच वाटले. तिघांना सारखे देऊन एक माड उरला, आणि त्याच्यासाठी तिघे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावले. मी खळ्यात उभी होते. आता कोणीतरी देवाचं नाव काढेल, म्हणून वाट बघत.