पंखा होडीच्या वाट्याला गेला

आमच्या होडीच्या इंजिनाला पंखा निवडायचा होता, तेव्हा मी आणि माझी जाऊ होडीत वजन म्हणून बसलो होतो. आता हे सांगितलं की सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. मला त्या घरात इतक्या मानानं आधी कुणी कुठं बसवलं नव्हतं.

नव्वदनंतरची गोष्ट. इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याकाठी आमचं घर. चांगली जमीन धरणात गेलेली, उरलेल्या तुकड्यावर दोन भावांची बिऱ्हाडं भागत नव्हती. माझा नवरा धाकटा. भवानीनगरला कारखान्यावर कामाला जायचं त्याच्या मनात होतं. थोरले दीर म्हणाले, वल्ह्याची होडी आहेच, तिला इंजिन लावू, मासळीवर एकाच चुलीत सगळ्यांचं भागेल. मग मुंबईकडून एक जुनं इंजिन आलं. त्याला हळदकुंकू लावताना जाऊबाईंनी आणि मी देवाकडं काय मागितलं, ते एकमेकींना सांगावं लागलं नाही. घर फुटू नये, एवढंच.

इंजिनाबरोबर, पाण्यात फिरून होडी पुढं ढकलणारे, असे तीन पंखे आले होते. पाण्यात घालून बघायचे, एक ठेवायचा, बाकीचे परत. दिरांना पळणारा पंखा हवा होता, कारण भिगवणच्या बाजारात जो आधी पोचेल त्याच्या मासळीला भाव. माझ्या नवऱ्याला ओढणारा हवा होता. तो म्हणायचा, "मोकळी होडी काय, वाऱ्यानं बी पळती. भरल्या जाळ्याचं बोला." दोघंही हट्टी. जेवताना भाकरी हातात तशीच राहायची आणि पंख्यावरून वाद चालायचा.

पंखे बघायचे तर पाण्याचा तळ साफ पाहिजे. धरणाच्या पाण्याखाली घरांच्या भिंती, बाभळीचे बुंधे. एक धडक बसली की पंख्याचं पातं गेलं. तेव्हा दोघा भावांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं: आपल्या वावरावर चला. पाण्याखाली गेलेलं आमचं वावर. दोघांनी लहानपणी तिथला दगड न् दगड वेचून टाकलेला, त्यामुळं खाली काय आहे ते त्यांना आपल्या तळहातासारखं माहीत. काठावरचं देऊळ आणि पलीकडचा निंब धरून त्यांनी सरळ रेघ ठरवली, आणि जिथं कुळव हाकला होता त्याच्या वरून इंजिन हाकायला लागले.

होडीत ओली जाळी टाकली, तरी वजन पुरेना. मग आम्हा दोघींना बोलावलं. थोरले दीर माझ्याशी बोलत नसत. थोरला दीर सासऱ्याच्या जागी. ते समोर आले की मी पदर पुढं ओढून बाजूला व्हायची, आणि काही सांगायचं तर ते जाऊबाईंना सांगायचे. मी हातभर अंतरावर बसलेली, तरी म्हणाले, "तिला म्हणावं, जरा मागं सरक."

पहिला पंखा मोकळ्या होडीला झकास पळाला होता. आम्ही बसलो आणि इंजिन कण्हायला लागलं, काळा धूर ओकायला लागलं. दिरांचं तोंड बघण्यासारखं झालं. दुसरा पंखा नवऱ्याच्या पसंतीचा. त्यानं इंजिन किंचाळायला लागलं आणि होडी आपली रमतगमत. दीर म्हणाले, "पुढारी हाय ह्यो. बोंब मोठी, काम न्हाय."

तिसरा पंखा दोघांपैकी कुणाचाच लाडका नव्हता. पण तो लावला आणि इंजिनाचा आवाज बसला. होडीनं नाक थोडं वर घेतलं आणि एकसारखी चालायला लागली. मी जाऊबाईंच्या कानात म्हटलं, "अक्का, फळीची थरथर थांबली." त्यांनी ते दिरांना सांगितलं. दीर हसले. "तिला म्हणावं, ह्योच ठेवायचा." आमच्याच वावरावरून आम्ही चौघं उगाच आणखी एक फेरी मारून आलो. रॉकेल जळतंय म्हणून कुणी कुरकुरलंसुद्धा नाही.

इतकं चांगलं चाललेलं असताना माणसांना काय होतं कोण जाणे. पुण्याकडची माणसं पक्षी बघायला यायला लागली. दीर त्यांना होडीतून फिरवायचे, आणि माझा नवरा जाळी घेऊन काठावर वाट बघत बसायचा. एकदा शब्दाला शब्द लागला, मग रोजच लागायला लागला. शेवटी भावकीतली माणसं बसली आणि वाटणी झाली. बैल एकेक. म्हैस तिकडं, गाय इकडं. इंजिन थोरल्याला, होडी धाकट्याला. त्या दिवशी पंख्यात जाळ्याचा दोरा गुंतला म्हणून पंखाच काढून होडीत ठेवलेला होता. होडीत जे आहे ते होडीवाल्याचं, असं ठरलं. पंख्याशिवाय इंजिन म्हणजे नुसतं लोखंड, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. दाराआड मी आणि जाऊबाई उभ्या होतो. मला अस्सा राग आला होता! पण वाटणीत बाईनं बोलायचं नसतं.

पंखा आमच्या गोठ्यात खिळ्याला टांगलेला राहिला. नवरा पुन्हा वल्ही मारायला लागला. मी म्हणायची, देऊन टाका. तो म्हणायचा, "थोरला हाय, त्यानं मागावा." तिकडं दीर म्हणायचे, "धाकटा हाय, त्यानं आणून द्यावा." पाण्यावर भेटलो की जाऊबाई आणि मी आपापल्या नवऱ्यांना शिव्या घालायचो आणि हंडे उचलून घरी जायचो.

मग दिरांनी इंजिन विकायला काढलं. करमाळ्याकडचा एक होडीवाला आला. पंखा कुठं, म्हणाला. दिरांनी आमच्या घराकडं बोट केलं, तसा तो आमच्या दारात आला. नवऱ्यानं पंखा खिळ्यावरून काढला, पुसला, तेल लावलं आणि काठावर गेला. मीही मागोमाग गेले. दिरांनी त्या माणसाच्या होडीवर इंजिन तिरकं धरलं, नवऱ्यानं पंखा बसवला, पिन घातली. त्यानं हात मागं केला आणि दिरांनी न मागता त्यात पाना ठेवला.

घेणाऱ्याला वजन घालून बघायचं होतं. जाऊबाई माहेरी गेलेल्या. मी एकटी बसले. होडी परक्याची, पण भावांनी नेली आमच्याच वावरावरून. आवाज बसला, तसाच. देवळाशी वळताना दीर मागं बघून थेट माझ्याशी बोलले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पोरी, थरथर हाय का गं?"

विकू नका, एवढंच मला म्हणायचं होतं. माझ्या तोंडून आलं, "न्हाय दादा. बरोबर हाय."

तो माणूस आम्हाला काठावर उतरवून होडी घेऊन गेला. आवाज ऐकू येत होता तोवर दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे होते. मग दीर त्यांच्या घराकडं वळले, आम्ही आमच्या. पुढच्या हंगामाला आमचं बिऱ्हाड भवानीनगरला गेलं.